डीआरओचा आकडा टेबलाचा असतो, होलचा नव्हे

"रीडिंग बरोबर होतं, तरी होल बाहेर गेलं."

बेळगावचं उद्यमबाग असो की मच्छे, मिलिंग मशीनला डीआरओ (डिजिटल रीडआउट, म्हणजे टेबलाची चाल आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) बसवला की पहिल्या महिन्यात हे वाक्य ऐकू येतंच. जॉब पंपाचा फ्लँज असेल, व्हॉल्व्ह ब्लॉक असेल, नाहीतर गिअरबॉक्सचं झाकण. डिस्प्लेवर ४५.००० दिसत होतं आणि तपासणीत होल आठ-दहा शतांश सरकलेलं निघालं. खापर डीआरओवर फुटतं, पण तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. टेबल किती सरकलं एवढंच त्याला कळतं. कटर कुठे कापतोय, ड्रिल कुठे भरकटलं, जॉब वाइसमध्ये किती उचलला गेला, यातलं काहीच त्याला दिसत नाही. टेबल आणि होल यांच्यात काय काय बिघडू शकतं हे कळलं, की त्याच मशीनवर काम झपाट्याने सुधारतं.

आकडा येतो कुठून

टेबलाच्या पाठीमागे लावलेल्या अॅल्युमिनियमच्या लांब नळीत काचेची पट्टी असते. तिच्यावर साधारणपणे दर २० मायक्रॉनला एक अशा बारीक रेषा आखलेल्या असतात. रीडर हेड या पट्टीवरून सरकतं. त्यातला दिवा रेषांमधून उजेड टाकतो आणि पलीकडचे सेन्सर उजेड-अंधार मोजतात. सेन्सरचे दोन सिग्नल एकमेकांपासून पाव टप्प्याने हटवलेले असतात. त्यामुळे दोन कामं साधतात: कोणता सिग्नल आधी आला यावरून दिशा कळते, आणि २० मायक्रॉनच्या एका टप्प्याचे चार भाग पाडता येतात. म्हणजे ५ मायक्रॉन. म्हणूनच साध्या डीआरओवर शेवटचा आकडा फक्त ० किंवा ५ दिसतो. १ मायक्रॉनच्या स्केलमध्ये हाच सिग्नल इलेक्ट्रॉनिक्स आणखी बारीक वाटून घेतं.

मात्र ०.००५ दिसतं म्हणजे मशीन ०.००५ मध्ये काम करतं असा अर्थ काढू नये. फूटपट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असल्या म्हणून तिने मारलेली रेघ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर येतेच असं नाही, तसंच हे.

हँडलच्या काट्यापेक्षा हे चांगलं का, तर काटा टेबल सरकवणाऱ्या लीडस्क्रूला विचारून सांगतो. ५ मिमी पिचचा स्क्रू आणि काट्यावर १०० भाग असतील तर एक भाग ०.०५ चा. आपल्याकडच्या छोट्या शेडमधली बरीच मिलिंग मशीन जुनी, दोन-तीन हात बदलून आलेली. त्यांच्या स्क्रू-नटमध्ये ०.३ ते ०.५ मिमी प्ले (ढिलेपणा) सहज सापडतो. शिवाय वाइस वर्षानुवर्षं टेबलाच्या मधोमध राहिल्यामुळे स्क्रू मधेच जास्त झिजलेला असतो. म्हणजे मधला काटा एक सांगतो आणि टोकाचा दुसरंच. डीआरओ स्क्रूच्या वाटेला जातच नाही, थेट टेबलाची चाल मोजतो. फेरे मोजताना एक फेरा चुकणं, म्हणजे सरळ ५ मिमीची चूक, हीही बंद होते. खरा पैसा इथेच वसूल होतो.

पण प्ले कुठेही गेलेला नसतो. तो तसाच आत बसलेला असतो. कटरच्या ओढीच्या दिशेने जॉब चालवला, म्हणजे क्लाइंब मिलिंग केलं, तर ढिल्या नटमुळे टेबल झटक्यात ०.३ मिमी पुढे ओढलं जातं. डिस्प्ले तेही प्रामाणिकपणे दाखवेल, पण तोवर एंडमिलचे दात गेलेले असतात. म्हणून जुन्या मशीनवर डीआरओ असला तरी रफिंग उलट्या दिशेनेच घ्यावं, आणि होल पाडताना एक्स (टेबलाची डावी-उजवी चाल) आणि वाय (पुढे-मागे चाल) दोन्ही लॉक करावेत.

स्केल बसवताना

एक्सचं स्केल टेबलाच्या मागच्या बाजूला बसतं आणि रीडर हेड सॅडलला, म्हणजे टेबलाखालच्या पुढे-मागे सरकणाऱ्या भागाला. वायचं स्केल नीच्या, म्हणजे सॅडल पेलणाऱ्या वर-खाली होणाऱ्या भागाच्या बाजूला. मागे बसवण्याआधी वाय पूर्ण कॉलमकडे (मशीनच्या उभ्या खांबाकडे) नेऊन जागा मोजून घ्या. स्केल आणि त्याचं कव्हर मिळून तीन-चार सेंटिमीटर जागा खातात आणि तेवढी वायची चाल कमी होते. पुढे बसवलं तर टेबल लॉक आणि स्टॉपर आडवे येतात. हा निर्णय ड्रिल हातात घेण्याआधी व्हायला हवा.

मोजमापाची लांबी टेबलाच्या चालीपेक्षा थोडी जास्त घ्यावी. ८०० मिमी चालीला ८०० चंच स्केल घेतलं, तर कधीतरी हँडल जोरात फिरतं आणि रीडर हेड टोकावर आपटतं. फुटलेल्या काचेला दुरुस्ती नाही.

टेबलाच्या मागची बाजू बहुतेक वेळा मशीनिंग केलेली असते. सॅडलची आणि नीची बाजू मात्र बिडाची कच्ची, वर पुट्टी आणि रंग चढवलेली. रंगावर बोल्ट आवळला तर काही महिन्यांत पुट्टी दबते आणि ब्रॅकेट ढिला होतो. रंग खरवडून उघड्या बिडावर बसवा, नाहीतर ब्रॅकेटला उचलणारे स्क्रू देऊन तीन ठिकाणी टेकवा. स्केल दोन बोल्टवर हलकं धरून ठेवायचं, डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) एका जागी स्थिर बसवायचा, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं आणि स्केलच्या वरच्या आणि समोरच्या अशा दोन्ही बाजू ०.१ मिमीच्या आत आणायच्या. रीडर हेडला कंपनीने लावून दिलेले प्लॅस्टिकचे तुकडे हेड पूर्ण आवळल्यावरच काढायचे. हेड आणि नळी यांच्यातली बरोबर फट तेच राखून असतात.

स्केल तिरकं बसलं तर माप चुकतं असं सगळे म्हणतात. हिशेब करून पाहिला तर ५०० मिमी लांबीत १ मिमी तिरकस असलं तरी मापातला फरक फक्त एक मायक्रॉन येतो. तिरकसपणाचा खरा मार रीडर हेडवर पडतो. ते काचेवर बारीक बेअरिंग आणि स्प्रिंगच्या आधाराने चालतं. दर फेऱ्याला ते वाकडं ओढलं गेलं की बेअरिंग झिजतात, रबरी ओठ उघडे पडतात आणि सहा महिन्यांनी आकडे उड्या मारू लागतात.

नळीचे रबरी ओठ खाली किंवा मागे वळलेले हवेत, वर कधीच नाहीत. केबलला दोन्ही टोकांकडे पुरेसा ढील द्या आणि टेबल चारही टोकांना हाताने नेऊन केबल कुठे ताणते का ते बघा.

दिशा आणि पहिली तपासणी

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मोजायची दिशा ठरवता येते. इथे ड्रॉइंगप्रमाणे विचार करायचा. टेबल डावीकडे गेलं की कटर जॉबवर उजवीकडे जातो, आणि ड्रॉइंगवर एक्स उजवीकडे वाढतो. म्हणून टेबल डावीकडे नेताना एक्सचा आकडा वाढला पाहिजे. टेबल आपल्याकडे ओढलं की कटर जॉबवर मागे सरकतो, तेव्हा वाय वाढला पाहिजे. शेडमध्ये दोन मशीन असतील तर दोन्हींवर हेच ठेवा. एका मशीनवर उलटी दिशा राहिली की मिरर झालेला जॉब निघतो, आणि तो भंगारातच जातो.

मग माप तपासायचं. टेबलावर एक चौरस ब्लॉक पक्का बांधा. लिव्हर डायल, ज्याला शॉपमध्ये पपी म्हणतात, तो न फिरणाऱ्या स्पिंडलला लावा. ब्लॉकच्या तोंडाला टेकवून डायल शून्य करा आणि एक्सही शून्य करा. मागे सरका, ब्लॉकला १०० मिमीचा स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) चिकटवा आणि डायल परत शून्यावर आणा. डिस्प्लेवर १०० यायला हवं. हीच तपासणी टेबलाच्या डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला करा. तिन्ही ठिकाणी सारखा फरक येत असेल, समजा प्रत्येक वेळी ९९.९८, तर सेटिंगमधलं लिनिअर करेक्शन भरून तो काढता येतो. तीन ठिकाणी तीन वेगळे फरक आले तर करेक्शनला हात लावू नका. तिथे जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) ढिली आहे किंवा स्लाइड झिजली आहे, आणि ते आकड्याने झाकलं तर पुढे जास्त त्रास होतो.

डाटम घेणं

डाटम म्हणजे जिथून मोजायचं ती शून्य जागा. ती शोधायला स्पिंडलमध्ये एज फाइंडर, म्हणजे जॉबची कड शोधणारं हत्यार लावतात. त्याचं टोक १० मिमीचं असेल तर स्पिंडल ६०० आरपीएमच्या आसपास चालवा, हळूहळू कडेकडे न्या आणि टोक झटकन बाजूला सरकलं की थांबा. आता स्पिंडलचं सेंटर जॉबच्या कडेपासून ५ मिमी लांब आहे. डावी कड असेल तर एक्समध्ये −५.००० भरा, म्हणजे कड शून्य झाली. उजव्या कडेवर हेच +५.००० होतं. सर्वात जास्त जॉब या चिन्हामुळे जातात, आणि चूक नेमकी टोकाच्या पूर्ण व्यासाएवढी, १० मिमीची येते. एखाद्या होलची जागा बरोबर १० मिमीने चुकलेली दिसली तर शोध इथूनच सुरू करा. आकडा भरल्यावर एज फाइंडर वर उचलून एक्स शून्यावर आणा आणि तो कडेच्या बरोबर वर दिसतोय का ते डोळ्याने बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

जॉबचा मध्य हवा असेल तर डावी कड स्पर्शून शून्य करा, उजवी कड स्पर्शा आणि अर्ध्याचं बटन दाबा. डिस्प्ले आकडा निम्मा करतो. मग शून्यापर्यंत आलं की मध्य सापडला. दोन्ही बाजूंनी तोच व्यास आल्यामुळे तो आपोआप कटतो, त्यामुळे इथे चिन्हाची भानगड नाही.

पण बिडाच्या कच्च्या कास्टिंगच्या कडेवर एज फाइंडर टेकवू नका. तिथे पॅटर्नचा उतार असतो, वाळूचे कण चिकटलेले असतात आणि मोल्डची जोडरेषा उभी असते. एकाच कडेवर तीन ठिकाणी तीन आकडे येतात. अशा जॉबला मशीनिंग झालेलं बोअर असेल तर लिव्हर डायल स्पिंडलला लावून बोअरमध्ये हाताने फिरवा, काटा पूर्ण फेऱ्यात ०.०१ च्या आत आला की एक्स-वाय शून्य करा. वेळ जास्त जातो, पण बेळगावात पंप आणि व्हॉल्व्हच्या कामात होलचं नातं बोअरशी असतं, बाहेरच्या कडेशी नसतं.

डिस्प्लेवरच्या एबीएस (मूळ शून्यापासूनचं माप) आणि आयएनसी (मधल्या तात्पुरत्या शून्यापासूनचं माप) यांचा घोळ सगळ्यांचाच होतो. एबीएसमध्ये जॉबचा मूळ डाटम ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. एका होलपासून दुसऱ्याचं अंतर बघायला आयएनसीत जायचं, तिथे कितीही वेळा शून्य करा. चुकून एबीएसमध्ये शून्य दाबलं गेलं तर डाटम गेला. म्हणून जॉब सुरू करतानाच वाइसच्या पक्क्या जबड्याचं रीडिंग खडूने मशीनवर लिहून ठेवा. ते असेल तर डाटम दोन मिनिटांत परत मिळतो.

फ्लँजवरची सहा होल

समजा ९० मिमी पीसीडीवर, म्हणजे सगळ्या होलांच्या मध्यांतून जाणाऱ्या ९० व्यासाच्या वर्तुळावर, ६ होल मारायची आहेत. पीसीडीचं बटन दाबल्यावर डिस्प्ले क्रमाने मध्याचे एक्स-वाय, व्यास, होलची संख्या, सुरुवातीचा कोन आणि शेवटचा कोन मागतो. मध्य ०, ०, व्यास ९०, संख्या ६, सुरुवात ०. अडचण शेवटच्या कोनाची. काही डिस्प्ले पूर्ण वर्तुळासाठी ३६० घेतात. काहींना शेवटच्या होलचाच कोन हवा असतो, म्हणजे ३००. अशा डिस्प्लेला ३६० दिलं तर तो ६ होल ७२ अंशांवर वाटतो आणि पहिलं-शेवटचं होल एकाच जागी आणतो.

ओळखायचं कसं? हाताने एक होल काढून ठेवा. दुसरं होल ६० अंशांवर, म्हणजे एक्स २२.५ आणि वाय ३८.९७१. डिस्प्लेने यापेक्षा वेगळं काही सांगितलं तर थांबा. आकडे भरल्यावर तो प्रत्येक होलला किती जायचं उरलंय ते दाखवतो. हँडल फिरवत दोन्ही शून्य झाले की लॉक करून मारायचं.

सेंटर ड्रिलने सहाही जागा आधी फिरून घ्या, मग ड्रिल लावून तोच फेरा परत करा. डीआरओ त्याच जागी परत नेतो, म्हणून हत्यार दर होलला बदलत बसायची गरज नाही. पहिला फेरा फक्त ठिपके दिसतील इतका हलका घ्या आणि व्हर्नियरने शेजारच्या दोन ठिपक्यांतलं अंतर बघा. सहा होलांच्या वर्तुळात ते त्रिज्येएवढंच असतं, इथे ४५. नंतर ९ मिमीची होल झाल्यावर दोन होलांच्या आतल्या कडांमधे ३६ आणि बाहेरच्या कडांमधे ५४ मिळायला हवेत.

डीआरओला न दिसणाऱ्या गोष्टी

टरेट मशीनचं वळवता येणारं हेड तिरकं झालेलं असेल तर क्विल (स्पिंडल धरून वर-खाली होणारी नळी) खाली येताना आडवीही सरकते. १०० मिमी उतरताना ०.१ मिमी सरकली तर एज फाइंडरने वर पकडलेला डाटम खाली १० शतांश खोटा ठरतो. एक्सचा आकडा जागचा हलत नाही, कारण टेबल हललेलंच नसतं. हेड डायलने लावून घ्या, आणि एज फाइंडरपासून लांब ड्रिलपर्यंत नी खूप वर-खाली होणार नाही अशी हत्यारं निवडा. जुन्या मशीनवर नी लॉक केल्यावरही जॉब दोन-तीन शतांश ढळतो.

स्केल टेबलाच्या मागे असतं, जॉब त्याच्या दोनशे मिमी पुढे. जिब ढिली असल्यामुळे टेबल ५०० मिमीत ०.०५ ने जरी वळलं, तरी जॉबपाशी ०.०२ चा फरक पडतो आणि स्केलला तो कळत नाही. लॉक आवळताना आकडा ०.०१-०.०२ हलतो, हा त्याच रोगाचा पहिला इशारा. आधी जिब आवळा.

पॉकेट (चौकोनी खोलगट खाचा) काढताना हत्यार मोजा. ६० बाय ४० चं पॉकेट १२ च्या एंडमिलने काढायचं तर मध्यापासून एक्स ±२४ आणि वाय ±१४. धार लावून आणलेली एंडमिल ११.८५ ची असते आणि पॉकेट १५ शतांश लहान निघतं. बाजूने खोल कट घेतला की कटर वाकतो, डिस्प्ले २४.००० दाखवतो आणि भिंत अजून उभी असते. आधी ±२३.७५ आणि ±१३.७५ वर रफ काढा, मोजा, मग शेवटचा हलका कट त्याच आकड्यावर दोनदा फिरवा.

ड्रिल भरकटण्यावर सेंटर ड्रिल हाच इलाज. कास्टिंगची कातडी कडक असते आणि लांब ड्रिल तिच्यावरून घसरतं. जागा ०.०२ मध्ये हवी असेल तर ड्रिलिंगवर अवलंबून न राहता बोअरिंग हेड लावा. रीमर व्यास सुधारतो, जागा सुधारत नाही.

एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपार आणि सकाळ यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो. ३०० मिमीची अॅल्युमिनियमची प्लेट तेवढ्यात ०.०७ मिमी वाढते, बिडाची ०.०३. सकाळी निम्मी होल आणि दुपारी उरलेली मारली तर डीआरओ दोन्ही वेळा बरोबर असतो, पण जॉब तोच राहिलेला नसतो.

लाईट, धूळ, पाऊस

लाईट गेली की एक्स आणि वाय लगेच लॉक करा आणि हँडलला हात लावू नका. बरेच डिस्प्ले शेवटचा आकडा लक्षात ठेवतात, पण बंद असताना टेबल सरकलं तर ते त्यांना कळत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे स्केलवरच्या कायमच्या रेफ (रेफरन्स) खुणा. दिवसाच्या सुरुवातीला डिस्प्ले चालू केल्यावर टेबल या खुणेवरून नेऊन रेफ घेतलेला असेल आणि डाटम त्यानंतर लावलेला असेल, तर लाईट आल्यावर तीच खूण ओलांडली की डाटम जसाच्या तसा परत येतो. जॉब मशीनवर रात्रभर राहणार असेल तर हे केलंच पाहिजे.

बिड कोरडंच कापलं जातं आणि त्याची बारीक काळी पूड ग्रॅफाइटसकट सगळीकडे बसते. चुंबकीय टेपच्या स्केलला कूलंटची भीती कमी, पण बिडाची पूड ती ओढून घेते. तिच्यावरची स्टीलची पट्टी जागेवर असणं आणि रोज फडक्याने पुसणं गरजेचं. काचेच्या स्केलवर हवेची गन मारू नका. बाहेरची पूड आणि हवेतलं पाणी तुम्हीच ओठांतून आत ढकलता. ब्रशने खाली झटका, मग पुसा. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सकाळी गार बिडावर पाणी सुटतं, आणि रीडर हेडच्या बेअरिंगला गंज धरतो. आठ-दहा दिवस मशीन बंद राहणार असेल तर मधे एकदा टेबल पूर्ण लांबी फिरवून घ्या.

आकडे उड्या मारू लागले तर आधी अर्थिंग बघा, आणि त्याच लाईनवर वेल्डिंग सेट चालू आहे का ते बघा. ते ठीक असेल तर डिस्प्ले बंद करून मागच्या एक्स आणि वायच्या केबल अदलाबदल करा. खोड आता दुसऱ्या आकड्यावर गेली तर दोष स्केलमध्ये किंवा केबलमध्ये आहे. त्याच आकड्यावर राहिली तर डिस्प्लेमध्ये. स्केल निघालं तर एका टोकाची टोपी काढून रीडर हेड सरळ बाहेर ओढा आणि काच मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. थिनर वापरू नका. हेड परत घालताना बेअरिंग काचेच्या कडेवर अडत नाहीत ना ते बोटाने बघा, जोर देऊ नका.